पडद्यावरची डॅनिश : शब्दाचे कूळ आणि शब्दाचे काम

परिभाषेचा वाद निघाला की आपल्याकडे डेन्मार्कचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. एक पक्ष म्हणतो, साठ लाखांच्या आसपास वस्ती असलेला तो देश पाहा, तेथे टीव्हीच्या बटणापासून कायद्याच्या कलमापर्यंत सर्व काही डॅनिशमध्ये आहे आणि आम्ही एवढे कोट्यवधी असून रडतो. दुसरा पक्ष म्हणतो, कोपनहेगनमधली मुले बिनदिक्कत 'स्ट्रीमिंग' आणि 'पॉडकास्ट' म्हणतात, त्यांचे काही बिघडले नाही, मग आपणच शब्द घडवण्याची उठाठेव का करावी? खुद्द डेन्मार्कमध्येही हा वाद फारशा वेगळ्या पातळीवर चालत नाही. तेथे 'डोमेनेटाब' या नावाने एक भीती बोलली जाते : विज्ञान, व्यापार, करमणूक अशी एकेक क्षेत्रे भाषेच्या हातून निसटतील आणि शेवटी डॅनिश ही जेवणाच्या टेबलावरची भाषा उरेल. तिला उत्तर म्हणून उसन्या शब्दांची मोजदाद केली जाते आणि ते कसे थोडेच आहेत हे सांगितले जाते. दोन्ही बाजू मोजतात ते शब्द, आणि तेही कुळावरून. माझ्या मते चूक येथेच होते.

माझी भूमिका आधीच सांगतो. दूरचित्रवाणीची परिभाषा डॅनिशमध्ये आणली पाहिजे, भाषांतर केलेच पाहिजे. मात्र तो शब्द डॅनिश बापाच्या पोटी जन्मला का, हा प्रश्न गौण आहे. तो डॅनिश व्याकरणात राबतो का, त्याला प्रत्यय लागतात का, त्याचे समास होतात का, आणि ज्यांच्या हातून ते काम होते त्यांच्या तोंडी तो बसतो का, एवढेच विचारायचे. या कसोटीवर काही उसने शब्द पक्के डॅनिश ठरतात आणि काही अस्सल दिसणारे शब्द नापास होतात. (डॅनिश शब्द येथे मी साधारणपणे त्यांच्या लेखनाला धरून देवनागरीत लिहितो. प्रत्यक्षात डेन लोक त्यातली निम्मी अक्षरे गिळतात. त्याला इलाज नाही.)

टीव्हीसाठी डॅनिश शब्द आहे 'फ्येर्नस्यून'. 'फ्येर्न' म्हणजे दूर आणि 'स्यून' म्हणजे दर्शन. मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपला 'दूरदर्शन' त्याच साच्यातला आहे. डेन्मार्कमध्ये नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली 2 ऑक्टोबर 1951 रोजी, आणि मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. तारखांचा हा निव्वळ योगायोग. शुद्धतावादी मंडळींना 'फ्येर्नस्यून' हा अभिमानाचा शब्द वाटतो. पण तो आला कोठून? तो जर्मन 'फेर्नझेएन'च्या धर्तीवर, तुकड्याला तुकडा लावून बेतलेला आहे. 'उदसेन्देल्से', म्हणजे प्रक्षेपित कार्यक्रम, ही जर्मन 'झेन्डुंग'ची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे. रेडिओवरच्या नाटकाला 'ह्योरेस्पिल', म्हणजे ऐकण्याचा खेळ म्हणतात. तोही जर्मन 'ह्योरश्पील'च. आता काळ पाहा. 1940 ते 1945 हा देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. 1948 च्या शुद्धलेखन सुधारणेत नामांचे पहिले अक्षर मोठे लिहिण्याची जर्मनसारखी रीत टाकून देण्यात आली आणि दोन 'a' जोडून लिहिण्याऐवजी डोक्यावर वर्तुळ असलेले, शेजारच्या स्वीडिश आणि नॉर्वेजियनमधले अक्षर घेतले गेले. लेखनातून जर्मन वळण पुसायला निघालेल्या देशाने अवघ्या तीन वर्षांनी जर्मन साच्यातला शब्द दिवाणखान्यात आणून ठेवला, आणि त्याबद्दल कोणाला अवघडल्यासारखे वाटले नाही. का वाटावे? तो शब्द उच्चारताना डॅनिश जिभेला कोठेही अडखळावे लागत नव्हते.

यावर उदारमतवादी पक्ष लगेच म्हणेल, मग आमचेच सिद्ध झाले. कालचा जर्मन शब्द आज डॅनिश झाला, तसा आजचा इंग्रजी शब्द उद्या डॅनिश होईल, भाषांतराची यातायात हवी कशाला? हा निष्कर्ष घाईचा आहे. जर्मन शब्द जसाच्या तसा आला नाही, त्याचे भाषांतर झाले. कोणीतरी 'फेर्न'च्या जागी 'फ्येर्न' ठेवण्याचे कष्ट घेतले. आणि त्या एका कष्टाचे फळ पुष्कळ मिळाले. कारण 'फ्येर्न' हा उपसर्ग त्या भाषेत कामाला लागला. रिमोटला 'फ्येर्नबेत्येनिंग', तारायंत्राने टंकलेला मजकूर पाठवणाऱ्या यंत्राला 'फ्येर्नस्क्रिव्हर', मध्यवर्ती केंद्रातून नळांनी घरोघर येणाऱ्या उष्णतेला 'फ्येर्नवार्मे', दूरशिक्षणाला 'फ्येर्नउन्डरविस्निंग'. शाळकरी मुलालासुद्धा पहिल्यांदा ऐकलेल्या अशा शब्दाचा अर्थ अर्धा तरी लागतो. 'टेलिव्हिजन'ने इंग्रजी मुलाला एवढे कधी दिले? तो शब्द तर अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन; 1900 साली पॅरिसमध्ये भरलेल्या विद्युत परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन गृहस्थाने तो फ्रेंचमध्ये वापरला. इंग्रजीने तो उचलला. ज्याला आपण इंग्रजीचे आक्रमण म्हणतो त्यातला बराच माल इंग्रजीच्याही घरचा नाही.

शुद्धतावाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आइसलँडचा आहे आणि तो मी मान्य करतो. चार लाखांनाही न पोहोचलेल्या त्या देशात टीव्हीला 'स्योनवार्प' म्हणतात, म्हणजे दृष्टीची फेक, आणि रेडिओला 'उतवार्प', म्हणजे बाहेर फेक. डॅनिश राजसत्तेखालच्या फॅरो बेटांवर तर रेडिओ-टीव्ही चालवणाऱ्या संस्थेचेच नाव 'क्रिंगवार्प' आहे : सभोवार फेकणे. नॉर्वेने 1933 मध्ये आपल्या संस्थेला 'रिक्सक्रिंगकास्टिंग' हे नाव दिले, त्यातही तीच फेक आहे. इंग्रजीतला 'ब्रॉडकास्ट' हा प्रसारणाचा शब्द मुळात शेतीचा, हाताने बी फोकण्याचा. नॉर्वेजियन भाषांतरकाराने त्यातला हात ओळखला आणि तो आपल्या भाषेत आणला. हे सुंदर काम आहे. मग डॅनिशने तसे का केले नाही? आळस, की इंग्रजीची भुरळ? मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. आइसलँडिक भाषेत प्रत्येक नामाला विभक्तीचे भरगच्च प्रत्यय लागतात, परका शब्द त्यात पायात काटा रुतल्यासारखा सलतो; त्यामुळे तेथे नवा शब्द घडवणे हा हौसेपेक्षा सोयीचा भाग अधिक आहे. डॅनिशच्या नामांना विभक्ती जवळपास उरलेलीच नाही. 'झाप' या इंग्रजी ध्वनीला शेवटी एक 'ए' लावला की 'झापे' हे डॅनिश क्रियापद तयार होते, त्याचा भूतकाळ 'झापेडे' होतो आणि वाहिन्या बदलत बसण्याच्या त्या चाळ्याला नाव मिळते. ज्या घराला उंबरठाच नाही तेथे पाहुण्याने वाकून यावे असा आग्रह कोण धरणार?

डॅनिश भाषेच्या स्वतःच्या इतिहासातही घडवलेल्या शब्दांचा विजय आहेच. विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणारे हान्स क्रिस्टियान ओर्स्टेड यांनी 1814 मध्ये प्राणवायूसाठी 'इल्ट' आणि हायड्रोजनसाठी 'ब्रिन्ट' हे शब्द दिले. पहिला 'आग' या अर्थाच्या शब्दावरून, दुसरा 'जळणे' या क्रियापदावरून. दोनशे वर्षांनंतरही डॅनिश इस्पितळात रुग्णाला इल्टच लावतात. पण दीडशे वर्षांनी, संगणकाच्या बाबतीत, तीच भाषा हरली. 'डाटामाट' असा नेटका, 'ऑटोमाट'शी यमक जुळवणारा शब्द पुढे करण्यात आला, तो कोशात गेला, पाठ्यपुस्तकांत आला आणि 'कंप्युटर'पुढे टिकला नाही. गंमत अशी की त्याच दशकात, 1966 मध्ये, डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पेटर नाउर यांनी सुचवलेला 'डाटालोगी' हा शब्द मात्र आजही डॅनिश विद्यापीठांत संगणकशास्त्राचे नाव म्हणून ठणठणीत आहे. एकाच मुळाचे दोन शब्द, एकच काळ. एक जगला आणि एक गेला. याचे कारण कुळात कसे सापडेल? ओर्स्टेड अध्यापक होते. त्यांचे शब्द वर्गात वापरले गेले, आणि ते आले तेव्हा सामान्य डेन माणसाच्या तोंडी त्या वायूंना दुसरे नावच नव्हते. 'डाटालोगी' ज्या विद्येला चिकटला तिलाही तेव्हा धड नाव नव्हते. 'डाटामाट' पोहोचला तेव्हा खुर्चीवर दुसरा बसला होता.

दूरचित्रवाणीची डॅनिश परिभाषा वेळेवर पोहोचली, कारण तिचे बारसे आधीच होऊन गेले होते. 1925 मध्ये सरकारी रेडिओ सुरू झाला. पाठवणे, ऐकणे, कार्यक्रम, केंद्र यांचे शब्द त्यात रुळले. 1926 पासून रेडिओच्या बातम्या वृत्तपत्रांच्याच संघटना तयार करून देत, म्हणून त्यांना 'रेडिओआविस', म्हणजे रेडिओचे वर्तमानपत्र म्हणत. टीव्हीवर 1965 मध्ये दैनंदिन बातम्या सुरू झाल्या तेव्हा त्यांचे नाव साहजिकच 'तेव्हे-आविसेन' झाले; 'तेव्हे' हा 'टीव्ही'चाच डॅनिश उच्चार. कागदाचा तुकडाही नसलेल्या गोष्टीला वर्तमानपत्र म्हणणे कोणाला खटकले नाही, जसे आपल्याला आकाशवाणीवरचे 'बातमीपत्र' खटकत नाही. ऐकणारा 'ल्यूटर' होताच, तसा पाहणारा 'सेअर' झाला आणि प्रेक्षकसंख्या 'सेअरताल'. संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेला 'बेड्स्टे सेन्डेटिड', प्रक्षेपणाची उत्तम वेळ. पुन्हा दाखवलेला कार्यक्रम 'गेनउदसेन्देल्से'. फीत कापून जोडणारा 'क्लिपर', कापणारा. शिंप्याला किंवा न्हाव्याला कळेल असा शब्द. आणि मला सर्वांत आवडणारा 'तिलरेट्टेलेगर' : कार्यक्रमाची जुळवाजुळव करून सगळे जागच्या जागी लावणारा माणूस. ज्या कामाला इंग्रजीत निर्माता, दिग्दर्शक, संशोधक अशा तीन पाट्या लागतात ते काम छोट्या देशातल्या छोट्या केंद्रात एकच माणूस करी, म्हणून त्याला एकच शब्द मिळाला. हा शब्द कोणत्याही इंग्रजी शब्दाचे भाषांतर नाही. तो कामाचे भाषांतर आहे.

येथे विरोधकांचा खरा बोचणारा मुद्दा येतो. हे सारे शब्द मक्तेदारीच्या काळातले आहेत. 1 ऑक्टोबर 1988 रोजी ओडेन्सेहून 'तेव्हे 2' सुरू होईपर्यंत देशात राष्ट्रीय टीव्ही म्हणजे एकच संस्था. तिच्या कॅन्टीनमध्ये जो शब्द रुळला तो संध्याकाळी देशभर पोहोचला. त्या काळातही दक्षिण युलंडची घरे सीमेपलीकडचा जर्मन टीव्ही पाहत आणि कोपनहेगनची स्वीडिश, पण नावे ठेवण्याचा अधिकार एकाच घराकडे होता. आज अमेरिकी कंपन्यांचे ॲप थेट फोनवर उतरते. त्याला कोणाचे कॅन्टीन शब्द पुरवणार? शिवाय डेन लोकांना इंग्रजी उत्तम येते. परदेशी कार्यक्रम तेथे, लहान मुलांचे सोडले तर, मूळ आवाजात आणि खाली डॅनिश 'उन्डरटेक्स्ट' देऊन दाखवतात. पिढ्यानपिढ्या इंग्रजी कानावर पडते आहे. ज्याला मूळ शब्द कळतो त्याला भाषांतर कशासाठी?

मक्तेदारी संपली हे खरे, पण नावे ठेवण्याचे काम संपले नाही; ते दुसऱ्यांकडे गेले. पूर्वी निवेदक जे शब्द घरात पोहोचवी ते आज पडद्यावरची यादी आणि बटणे पोहोचवतात, आणि त्यांचे भाषांतर करणारा माणूस बहुतेक वेळा स्टुडिओत कधी न गेलेला, कधी मोबदल्यावर तर कधी हौसेने काम करणारा भाषांतरकार असतो. त्याच्यापुढे वाक्य नसते. सुटे शब्द असतात, कोठे दिसणार हे न सांगता दिलेले. समजा त्याला 'रेकॉर्ड' एवढाच शब्द मिळाला. तो कार्यक्रम साठवण्याचा आदेश असेल तर डॅनिशमध्ये 'ऑप्टागे', माहितीसाठ्यातली नोंद असेल तर 'पोस्ट', गाण्याची तबकडी असेल तर 'प्लाडे' आणि खेळातला विक्रम असेल तरच 'रेकोर्ड'. मराठीतही मुद्रण, नोंद, तबकडी, विक्रम असे चार रस्ते फुटतात. 'डायरेक्टर'चे तसेच : चित्रपटाचा असेल तर 'इन्स्ट्रुक्त्योर', कंपनीचा असेल तर 'दिरेक्त्योर'. यात गल्लत झाली की चित्रपट कंपनीच्या साहेबांनी काढल्याचे पडद्यावर दिसते. आपल्याकडे दिग्दर्शक आणि संचालक, संकलक आणि संपादक या जोड्या तेच काम करतात, आणि त्या मोडतात त्याच वाटेने. इंग्रजी उत्तम येणाऱ्या डेन माणसालाही या गल्लतीचा उपयोग नसतो. त्याला इंग्रजी येते म्हणून चुकीची डॅनिश कळते, एवढेच.

यातला सर्वांत फसवा सापळा उसन्या शब्दानेच लावलेला आहे. इंग्रजी 'स्पीकर' म्हणजे भाषांतरकाराला वाटते तसा आवाजाचा खोका. डॅनिशनेही हा शब्द फार पूर्वी घेतला, पण डॅनिश 'स्पीकर' हा माणूस आहे : कार्यक्रमाची घोषणा करणारा, पार्श्वनिवेदन वाचणारा, सामन्याच्या मैदानावर ओरडणारा. खोक्याला 'होयटालर' म्हणतात, मोठ्याने बोलणारा. म्हणजे 'सगळे इंग्रजी शब्द तसेच ठेवा' हे धोरण अवलंबणाऱ्या भाषांतरकाराने आवाजाच्या मांडणीत 'स्पीकर बंद करा' असे लिहिले, तर त्याने निवेदकाला गप्प केलेले असते. उसना शब्द तसाच ठेवणे हेही भाषांतरच आहे आणि तेही चुकू शकते, ही गोष्ट उदारमतवादी पक्षाच्या हिशेबात धरलेली मला कधी दिसली नाही.

आणि खरी झीज शब्दांत होतही नाही. डॅनिशमध्ये समास जोडून लिहितात, इंग्रजीत सुटे. 'डान्स्कलेरर' असे जोडले तर डॅनिश भाषा शिकवणारा शिक्षक, 'डान्स्क लेरर' असे तोडले तर डॅनिश राष्ट्रीयत्वाचा शिक्षक, मग तो गणित शिकवत का असेना. इंग्रजी नमुन्यावरून भराभर उतरवलेल्या याद्यांत असे समास तुटतात, आणि अक्षर न् अक्षर अस्सल डॅनिश असूनही वाक्य इंग्रजी होते. लिंगाचेही तसेच. डॅनिशमध्ये नामांची दोन लिंगे आहेत आणि निश्चित उपपद शब्दाच्या शेपटीला लागते. 'हा कार्यक्रम पुसायचा?' हा प्रश्न यंत्राने तुकडे जोडून तयार करायचा असेल तर 'उदसेन्देल्से'साठी 'देन्ने' हवे, 'प्रोग्राम' आणि 'आफस्निट' यांच्यासाठी 'देट्टे'. आफस्निट म्हणजे मालिकेचा भाग. इंग्रजीत एकच 'धिस' सर्वांना पुरते, म्हणून मूळ कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. मराठीत हा कार्यक्रम, ही मालिका, हे पर्व अशी तिहेरी पंचाईत. मराठी भाषांतरकाराला ही खिंड नवी नाही. शुद्धतावादी मंडळी 'स्ट्रीमे' या क्रियापदावर तुटून पडतात तेव्हा हे तुटलेले समास आणि भलत्या लिंगाची सर्वनामे त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जातात. 'स्ट्रीमे'ला वर्तमानकाळ, भूतकाळ, धातुसाधित सगळे आहे. ते घरकाम शिकलेले आहे.

मग या सगळ्यात भाषा मंडळाने काय करावे? 1955 मध्ये स्थापन झालेल्या 'डान्स्क स्प्रोगनेव्न'ने बहुतांशी नोंद ठेवण्याचे काम केले आहे. त्याचा शुद्धलेखनकोश शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांना बांधतो, इतरांना नाही. 1980 च्या दशकात त्याने फ्रेंच वळणाच्या 'मेयोनेझ'बरोबरच डॅनिश उच्चाराला जवळचे लेखनही चालेल असे म्हटले, तर देशभर गदारोळ उठला. पावावर लावायच्या एका पदार्थाच्या स्पेलिंगवर जे राष्ट्र इतके भडकते ते रिमोटवरच्या बटणाला मंडळाने दिलेले नाव मुकाट स्वीकारील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण त्याच राष्ट्राने कोणी न सांगता 'फ्लो-तेव्हे' हा शब्द घडवला. मागणीनुसार पाहण्याची सोय आल्यावर जुन्या, ठरावीक वेळापत्रकाच्या टीव्हीला वेगळे नाव लागले. इंग्रजी जगात त्याला 'लिनियर' म्हणतात, डेन लोकांनी 'वाहता टीव्ही' म्हटले. दोन्ही तुकडे परके, जोडणी त्यांची. शुद्धतावाद्याने हा पराभव मानायचा की विजय?

मराठीकडे फक्त एका गोष्टीसाठी वळतो, कारण तेथे दोन सारख्या शब्दांचे नशीब वेगळे निघाले. 'दूरदर्शन' आणि 'फ्येर्नस्यून' एकाच साच्यातले असताना पहिला सामान्यनाम म्हणून का रुजला नाही? आपण तो सरकारी संस्थेला विशेषनाम म्हणून देऊन टाकला. खासगी वाहिन्या आल्यावर 'मी दूरदर्शन पाहतो' याचा अर्थ एकच वाहिनी पाहतो असा होऊ लागला, आणि सर्वांसाठी 'दूरचित्रवाणी' हा लांबलचक शब्द कागदावर आणावा लागला. डेन्मार्कमध्ये उलटे झाले. तेथील संस्थेचे नाव 1959 मध्ये 'डान्मार्क्स रेडिओ' झाले, टीव्ही दाखवत असूनही रेडिओच. तिची प्रतिस्पर्धी आली तिने 'तेव्हे' घेतले. 'फ्येर्नस्यून' कोणाच्याच पाटीवर न चढल्यामुळे मोकळा राहिला, घरातल्या वस्तूचा शब्द राहिला. आज बोलण्यात 'तेव्हे' अधिक ऐकू येतो, पण 'रेडिओ आणि फ्येर्नस्यून व्यवसायाचा कायदा' त्याच नावाने आहे, आणि जन्मभर 'तेव्हे' म्हणणारा माणूसही सोफ्याच्या फटीत हात घालून शोधतो ती फ्येर्नबेत्येनिंगच. आपण रिमोट शोधतो. त्याचे सेल बदलतो, त्याच्यावरून भांडतो, तो धाकट्याच्या हाती लागला की बातम्या जातात. माझ्याच कसोटीने तो मराठी शब्द आहे आणि त्याला बदलायला मी कोणाला सांगणार नाही. त्याच्यावरच्या बटणांची मराठी नावे ठरवताना मात्र, 'रेकॉर्ड' म्हणजे येथे नोंद की मुद्रण, एवढे कोणीतरी विचारायला हवे.